बाबासाहेब आणि मापाचा कपडा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील ज्या कुटुंबांनी नव्याने धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांच्या घरात आता भगवान बुद्धांच्या तसबिरीशेजारी परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर लागली आहे. बुद्धांच्या अंगावर चीवर आहे. बाबासाहेबांच्या अंगावर कोट, पांढरा शर्ट आणि टाय आहे. घरातली लहान मुले दोन्ही पोशाख पाहतात आणि विचारतात की, बुद्धांनी राजवस्त्रे टाकली, मग बाबासाहेबांनी साहेबी कपडे का घातले? गावातली इतर मंडळी हाच प्रश्न जरा तिरक्या सुरात विचारतात. गरिबांच्या पुढाऱ्याला सुटाबुटाची काय गरज, असे त्यांना म्हणायचे असते. नवदीक्षित आईबापांना या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे. ते उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रातच आहे. म्हणून त्यांची जीवनकथा या वेळी त्यांच्या पोशाखाच्या अंगाने सांगत आहोत.

लक्तरांचा कायदा

कपडा थंडीवाऱ्यापासून आणि उन्हापासून अंग राखतो आणि लाज झाकतो. भिक्खूने चीवर पांघरताना याच उपयोगांचे स्मरण ठेवावे, असे धम्मात सांगितले आहे. परंतु आपल्या देशात कपड्याला आणखी एक काम दिले गेले. माणूस कोणत्या पायरीचा आहे हे त्याच्या कपड्यावरून लांबून कळावे, असा तो बंदोबस्त होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत आणि प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, असे नियम आहेत. त्याच अध्यायात शूद्र सेवकाला उष्टे अन्न आणि जुने कपडे द्यावेत असेही सांगितले आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांत मयताच्या अंगावरचे कापड हा महाराचा हक्क मानला जात असे. हक्क हा शब्द मोठा, पण पदरात पडे ते प्रेताचे कापड.

हे सगळे पोथीतच राहिले असते तर गोष्ट वेगळी होती. १९२८ साली इंदूरच्या बाजूच्या काही गावांत सवर्णांनी बलाई जातीच्या लोकांना फर्मान काढले. बलाई पुरुषांनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने आणि नक्षीदार कपडे घालू नयेत, अशी त्यात कलमे होती. बाबासाहेबांनी आपल्या जातिनिर्मूलनावरील १९३६ च्या पुस्तकात ही हकीकत नोंदविली आहे. तामिळ मुलखातील रामनाड जिल्ह्यात १९३० साली कल्लर जातीने आदिद्रविडांना घातलेल्या बंदीत तर पुरुषांनी कोट, शर्ट किंवा बनियन घालू नये असे स्पष्ट कलम होते. धोतर गुडघ्याखाली जाता कामा नये, असेही एक कलम होते. शर्ट घालणे हा अपराध ठरविणारी माणसे त्या काळी या देशात होती, हे आपल्या मुलांना माहीत असले पाहिजे.

यात एक बारकावा आहे. धोतर, पागोटे, घोंगडी यांना माप लागत नाही. शिवलेल्या कपड्याला माप लागते, आणि माप घ्यायचे तर शिंप्याला अंगाला हात लावावा लागतो. गळा, खांदा, छाती, कंबर, बाही अशी टेप फिरते. ज्याची सावली चालत नाही त्याच्या गळ्याभोवती टेप कोण धरणार? म्हणून आपल्या आज्यापणज्यांच्या नशिबी बहुधा दुसऱ्याच्या मापाचा, दुसऱ्याने टाकलेला कपडा आला. मापाचा कपडा अंगावर येणे म्हणजे आपल्याला कोणीतरी माणूस समजून हात लावला आहे, असा त्याचा अर्थ होता.

पलटणीची वर्दी

आपल्या समाजातील बऱ्याच घराण्यांना हा मापाचा कपडा प्रथम पलटणीत मिळाला. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावणारी भीमा पुढे ज्या कोरेगावाजवळून वाहते, तेथे १ जानेवारी १८१८ रोजी लढलेल्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. वर्दीचा नियम सर्व शिपायांना सारखाच असतो. गावात ज्याला पायात वहाण घालण्याची चोरी होती, तोच माणूस पलटणीत बूट चढवून ताठ उभा राहू लागला.

बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे फौजेत सुभेदार होते आणि फौजेच्या शाळेत शिक्षक होते. आई भीमाबाईंचे माहेरही लष्करी पेशाचे होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. स्वच्छ कपडा, वेळेची शिस्त आणि अक्षरओळख या तिन्ही गोष्टी त्यांना घरातच मिळाल्या. पुढे १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची फौजेत भरती बंद केली आणि वर्दीची ही वाट बुजली. ती पुन्हा उघडावी म्हणून समाजाने अनेक वर्षे अर्ज केले. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर आले आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली.

मसूरचे स्टेशन

रामजी सुभेदारांचे कुटुंब साताऱ्याला राहत असताना घरचे कपडे बहिणी धूत. साताऱ्यात परीट नव्हते असे नाही, आणि त्याला पैसे देण्याची ऐपत नव्हती असेही नाही. पण अस्पृश्याचे कपडे परीट धूत नसे. न्हावी केस कापत नसे, म्हणून थोरली बहीणच भावांचे केस कापी. शाळेत बसायला भीमाला घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा लागे, आणि तो तुकडाही शाळेचा गडी शिवत नसे. या गोष्टी बाबासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेवल्या आहेत.

त्याच लिखाणात त्यांनी १९०१ सालची एक हकीकत सांगितली आहे. वडील तेव्हा कोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना बोलावले. भीमा, त्याचा भाऊ आणि थोरल्या बहिणीची दोन मुले अशी चौघे निघाली. मुले आगगाडीने जाणार म्हणून घरात मोठी तयारी झाली. इंग्रजी पद्धतीचे नवे शर्ट, चकचकीत टोप्या, नवे बूट आणि रेशीमकाठी धोतरे आली. मसूर स्टेशनवर मुले उतरली, पण घ्यायला कोणीच आले नव्हते. वडिलांना पत्रच पोचले नव्हते. स्टेशनमास्तर चौकशीला आला. कपड्यांवरून आणि बोलण्यावरून त्याला ही ब्राह्मणांची मुले वाटली, म्हणून तो आपुलकीने बोलला. कोण तुम्ही, असे विचारताच भीमाने खरे ते सांगितले. मास्तरचा चेहरा बदलला आणि तो पाठ फिरवून निघून गेला.

त्यानंतर एकही गाडीवान मुलांना गाडीत घेईना. दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला तो या अटीवर की मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. रात्र वाटेत काढावी लागली. जवळ भरपूर शिदोरी होती, पण पाणी कोणी दिले नाही आणि मुले उपाशी झोपली. अंगावर मात्र नवे शर्ट आणि नवे बूट होते.

दहा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. चांगला कपडा घातला की आपल्यात आणि इतरांच्या मुलांत डोळ्यांना दिसेल असा काहीच फरक राहत नाही, म्हणजे अस्पृश्यता शरीरात नाही, ती लोकांच्या मनात आहे. आणि मन तसेच राहिले तर उत्तम कपडाही पाण्याचा एक पेला मिळवून देऊ शकत नाही. बाबासाहेबांचे पुढचे सगळे आयुष्य या दोन गोष्टींच्या आधाराने समजून घेता येते.

बडोद्याची सराई

मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकताना घरची ओढाताण होती. सयाजीराव गायकवाड महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती होती. प्राध्यापक म्युलर यांनी त्यांना वाचायला पुस्तके दिली आणि घालायला कपडेही दिले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांच्या अंगावर सूट आला. त्या देशात विद्यार्थ्याचा, कारकुनाचा आणि प्राध्यापकाचा पोशाख एकाच घाटणीचा होता, आणि माप घेणारा शिंपी जात विचारीत नव्हता. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्या काही वर्षांत पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे.

ती जाणीव १९१७ साली बडोद्याने परत करून दिली. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे ते संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नव्हती. म्हणून ते पारशी सराईत गेले. वरच्या मजल्यावर ते कपडे उतरवीत असताना सराईचा रखवालदार नोंदवही घेऊन आला. पारशी माणसाच्या अंगात कपड्याखाली सदरा असतो आणि कमरेला कस्ती असते. ती या पाहुण्याच्या अंगावर नव्हती, हे त्याने ओळखले. अखेर पारशी नाव लिहून राहण्याची तडजोड झाली. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि त्यांनी बाबासाहेबांना सराई सोडायला लावली. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला हा विद्वान त्या दिवशी एका सार्वजनिक बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

मसूरला चांगल्या कपड्यांमुळे ते ब्राह्मण ठरले होते आणि एका शब्दाने महार झाले. बडोद्याला एक सदरा अंगात नाही म्हणून ते उघडे पडले. दोन्ही ठिकाणी माणूस तोच होता. जेथे कपडा ही जातीची खूण असते, तेथे दुसऱ्याची खूण अंगावर चढवून सुटका होत नाही. खुणांचा हा व्यवहारच मोडावा लागतो.

काळा झगा आणि पांढरे बँड

१९२० साली बाबासाहेब शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. या वेळी पैसा स्वतः जमविलेला आणि थोडा मित्राकडून घेतलेला होता. दिवसभर ग्रंथालय, रात्री उशिरापर्यंत अभ्यास आणि भूक लागली तर भाजलेले पापड, असे ते दिवस गेले. इकडे मुंबईत रमाईंनी हलाखीत संसार रेटला. नेसायला धड लुगडे नव्हते म्हणून शाहू महाराजांनी साहेबांना दिलेला भरजरी फेटा नेसून त्या एकदा समारंभाला गेल्या, ही आठवण आपल्या घरोघरी सांगितली जाते. साहेबांच्या अंगावरच्या कोटामागे रमाईंचे हे फाटके लुगडे आहे, याचा विसर पडू देता कामा नये.

१९२३ साली डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी घेऊन ते परतले आणि मुंबईच्या हायकोर्टात वकिली करू लागले. बॅरिस्टरच्या पोशाखाचे नियम कडक असतात. काळा कोट, ताठ पांढरी कॉलर, गळ्याशी पांढरे बँड आणि वर काळा झगा. पण हे नियम सर्वांना एकच असतात. ब्राह्मण बॅरिस्टरचा झगा लांब आणि महार बॅरिस्टरचा आखूड असे तेथे चालत नाही. न्यायाधीशासमोर उभे राहिल्यावर पोशाख सारखा, आणि पुढे फरक पडतो तो अभ्यासाने. मनूचा नियम माणसामाणसांत फरक दाखविण्यासाठी केलेला होता. पलटणीचा आणि कोर्टाचा नियम फरक झाकण्यासाठी केलेला आहे. पोशाखाच्या नियमांचे हे दोन प्रकार वाचकांनी नीट ध्यानात घ्यावेत.

आणि तरीही १९२९ च्या ऑक्टोबरात चाळीसगावला या बॅरिस्टरसाहेबांना स्टेशनावरून महारवाड्यात नेण्यास एकही टांगेवाला तयार झाला नाही. टांगा मिळाला तो हाकायला आपल्यातलाच सवय नसलेला माणूस बसला. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. मसूरच्या प्रवासाला तेव्हा २८ वर्षे झाली होती.

महाडचे लुगडे

१९२७ च्या डिसेंबरात महाडला सत्याग्रह परिषद भरली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्या ग्रंथात प्रेतावरच्या वस्त्रांचा नियम होता, हे आपण वर पाहिले. ग्रंथ जाळला, पण नियम लोकांच्या अंगावर होता. तो उतरविण्याचे काम बाबासाहेबांनी दोनच दिवसांनी हाती घेतले. परिषदेला आलेल्या स्त्रियांना त्यांनी जवळ बसवून घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखे समजावले. आपल्या बायका तेव्हा गुडघ्यापर्यंत लुगडे नेसत आणि गळ्यात, हातापायांत कथलाचे व चांदीचे जड दागिने घालत. ती जातीची ओळखपट्टी होती. ती टाकून द्या, इतर स्त्रिया नेसतात तसे पायघोळ लुगडे नेसा, असे त्यांनी सांगितले. कपड्याला ठिगळे असली तरी चालतील, पण तो स्वच्छ असला पाहिजे, ही त्यांची दुसरी शिकवण. कोणता कपडा नेसावा आणि कोणत्या धातूचा दागिना घालावा हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही, ही तिसरी. मुलींना शाळेत घाला आणि घरात दारू पिऊन येणाऱ्याला थारा देऊ नका, हेही त्याच भाषणात होते.

चित्रे आणि टिपणीस या सहकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी मग आपल्या भगिनींना नवे नेसणे शिकविले. परिषदेहून परतलेल्या बायका गावात शिरल्या तेव्हा त्यांचे नेसणे बदललेले होते. कोकणात आणि घाटावर पुढे अनेक ठिकाणी या बदललेल्या नेसण्यावरून कुरबुरी झाल्या. लुगडे चार बोटे खाली आले म्हणून ज्यांना राग आला, त्यांना त्या कपड्याचा खरा अर्थ बरोबर कळला होता.

पंचा आणि सूट

१९३० पासून लंडनला गोलमेज परिषदा भरल्या. हिऱ्यामोत्यांनी मढलेले संस्थानिक तेथे होते, आणि अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून सुटातले डॉ. आंबेडकर होते. दुसऱ्या परिषदेला महात्मा गांधी आले. त्यांनी १९२१ साली मदुराईत पंचा स्वीकारला होता आणि १९३१ मध्ये इंग्लंडच्या राजवाड्यातही ते त्याच वेषात गेले. गरिबांशी एकरूप होण्याचा तो त्यांचा मार्ग होता. तेव्हापासून आजपर्यंत पंचा आणि सूट यांची तुलना होत आली आहे.

या तुलनेत एक गोष्ट सुटते. ज्याच्या घराण्यात अंगरखा होता त्याला तो उतरवून ठेवता येतो, आणि लोक त्याला त्याग म्हणतात. ज्याला अंगरखा घालूच दिला नाही, त्याचे उघडे अंग कोणी त्याग म्हणून पाहत नाही. आपल्या जुन्नर तालुक्यात, विशेषतः ओतूरच्या बाजूला, ज्यांच्या विचाराने सत्यशोधक चळवळ रुजली त्या महात्मा फुल्यांचे उदाहरण घ्या. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या सत्काराच्या मेजवानीला जोतीराव शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात गेले. खरी रयत कशी राहते हे राजपुत्राच्या डोळ्यांना दिसावे, हा त्यांचा हेतू होता. जोतीरावांनी लक्तरे दाखविली आणि बाबासाहेबांनी लक्तरे टाकली. दोघांचे सांगणे एकच होते की ही लक्तरे माणसाच्या अंगावर असता कामा नयेत. सूट घातलेले बाबासाहेब सभेत उभे राहत तेव्हा खाली बसलेल्या फाटक्या सदऱ्यातल्या माणसाला आपला मुलगा काय होऊ शकतो हे प्रत्यक्ष दिसे. त्यासाठी वेगळ्या भाषणाची गरज पडत नसे.

त्यांना चांगल्या कपड्यांची आवड होती, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. पुस्तके, फाउंटन पेन आणि नीटनेटका पोशाख या त्यांच्या आवडी होत्या. पण पुस्तकांचा खर्च नेहमी पहिला असे. १९४७ साली ते भारताचे कायदेमंत्री झाले आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी राज्यघटना स्वीकारली गेली. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पुढे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने दलिताच्या अंगावरचे कपडे जबरदस्तीने उतरविणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. असा गुन्हा कायद्यात लिहावा लागला, यावरून कपड्याचा हा झगडा किती खोल आहे ते दिसते. २०२३ साली गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि काळा चष्मा घातला म्हणून मारहाण झाली. लक्तरांचा कायदा पुस्तकातून गेला, पण सगळ्यांच्या मनातून गेलेला नाही.

चीवर आणि शुभ्र वस्त्र

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत बाबासाहेबांचे मन धम्मात स्थिर झाले. २५ डिसेंबर १९५४ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यात देहूरोड येथे त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. बरोबर २७ वर्षांपूर्वी त्याच तारखेला महाडला मनुस्मृती जळाली होती.

बुद्धांच्या संघातही पोशाखाचे नियम आहेत, आणि ते नवदीक्षितांनी समजून घेण्यासारखे आहेत. विनयपिटकात कथा आहे की, मगधातील भातशेतांचे बांध आणि खाचरे पाहून बुद्धांनी आनंदाला तशा घाटाचे चीवर करता येईल का असे विचारले. आनंदाने कापडाचे तुकडे कापून, जोडून, शिवून ते तयार केले. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात डोंगरावरून खाली पाहा, म्हणजे चीवराचा नमुना डोळ्यांपुढे येईल. भिक्खू टाकलेल्या चिंध्यांचेही चीवर करीत. परंतु मनूने लादलेले प्रेताचे कापड आणि भिक्खूने स्वतः निवडलेली, धुऊन, रंगवून, शिवून घेतलेली चिंधी यांत मोठे अंतर आहे. संघात राजपुत्र आला काय किंवा उपालीसारखा न्हावी आला काय, चीवराचा घाट दोघांना एकच.

या वस्त्रदानाची साक्ष आपल्या शेजारीच दगडावर कोरलेली आहे. जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याचा लेख आहे, बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत, आणि मानमोडीच्या डोंगरात नहपान राजाच्या अयम नावाच्या अमात्याचे दान नोंदलेले आहे. त्याच नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात एक हिशेब कोरून ठेवला. त्याने विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले, व्याज दरमहा शेकडा एक. या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. गणित करून पाहा. वर्षाचे व्याज २४० होते आणि २० भिक्खूंचे प्रत्येकी १२ म्हणजे २४०च होतात. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी विणकर, व्यापारी आणि भिक्खू यांना जोडणारा धागा असा होता, आणि त्यात विणकराचा हात लागलेले वस्त्र कोणी विटाळलेले मानीत नव्हते.

गृहस्थ उपासकांना पाली ग्रंथांत श्वेत वस्त्रे धारण करणारे असे म्हटले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला हीच परंपरा जिवंत झाली. येताना पांढरी वस्त्रे घाला, असे बाबासाहेबांचे सांगणे होते. लोकांनी किडूकमिडूक विकून प्रवासखर्च उभा केला आणि पांढरी लुगडी, पांढरे शर्ट खरेदी केले. त्या दिवशी बाबासाहेबांनी सूट घातला नव्हता. पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट अशा वेषात ते व्यासपीठावर आले. महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी त्रिशरण आणि पंचशील घेतले. मग समोरच्या लाखो लोकांना त्यांनी स्वतः दीक्षा आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. मैदानात वकील, मजूर, मंत्री, मोलकरीण असा भेद डोळ्यांना दिसत नव्हता. आयुष्यभर ज्या सारखेपणासाठी त्यांनी सूट वापरला, तो सारखेपणा त्या दिवशी साध्या पांढऱ्या कपड्यात सर्वांच्या अंगावर होता.

सात आठवड्यांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या वापरातले कपडे आणि वस्तू पुण्यात सिंबायोसिस संस्थेच्या स्मारकात आणि नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात जपून ठेवल्या आहेत. जुन्नर, घोडेगाव, मंचरहून पहाटेच्या एसटीने निघाले तर पुण्याचे स्मारक पाहून संध्याकाळी घरी परतता येते. मुलांना एकदा तेथे न्यावे आणि मसूरची हकीकत त्यांना तेथेच सांगावी.

आपल्या घरासाठी

या चरित्रातून आपल्या घरापुरता काय नियम काढायचा? कपडा स्वच्छ असावा, ही पहिली गोष्ट. ठिगळ चालेल, मळ चालणार नाही. कपडा मापाचा असावा. शर्टाची खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडावर बसावी, बाही मनगटापर्यंत यावी, कॉलर आणि मान यांच्यामध्ये एक बोट जावे, सगळी बटणे जागेवर असावीत. वाढत्या मुलाचा शर्ट शिवताना आतल्या शिलाईत थोडे कापड राखायला सांगितले तर तोच शर्ट सोडवून पुढच्या वर्षीही चालतो. विहारात वंदनेला जाण्यासाठी घरातल्या प्रत्येकाकडे एक पांढरा सुती जोड असावा. गरीब-श्रीमंत सारखे दिसण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

दुसरी गोष्ट कर्जाची. लग्नात नवऱ्या मुलाला सूट हवाच म्हणून कित्येक घरे उसनवारी करतात. सूट एक दिवस अंगावर येतो, मग पेटीत पडतो आणि हप्ते वर्षभर चालतात. बाबासाहेबांचा सूट कामावर जाण्याचा होता. तो घालून ते कोर्टात, वर्गात आणि परिषदेत उभे राहिले, आणि त्याच्या आत वीस वर्षांचा अभ्यास होता. बौद्ध विवाह पांढऱ्या वस्त्रांत, थोड्या खर्चात होतो. सुटाचे पैसे मुलीच्या कॉलेजच्या फीला लागले तर बाबासाहेबांचा पोशाख आपण अधिक नीट पांघरला असे होईल.

आणि मुलाने विचारले की बाबासाहेबांनी कोट का घातला, तर त्याला सांगावे की, आपल्या माणसांना मापाचा कपडा घालण्याची बंदी होती. ती त्यांनी आधी स्वतःच्या अंगावर मोडली, मग महाडला आपल्या आयाबहिणींच्या अंगावर मोडली आणि शेवटी घटनेत कलम लिहून सगळ्या देशासाठी मोडली. त्यानंतर त्याच्या शर्टाचे वरचे बटण नीट लावून त्याला वेळेवर शाळेत पाठवावे.